भेटीची वेळ

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेच्या दारावर एक पाटी होती. 'भेटीची वेळ सकाळी 11 ते 11.30, संध्याकाळी 5 ते 5.30. एका वेळी एकच नातेवाईक.' पहिल्या दिवशी ती वाचली तेव्हा तिच्यात वावगं काही दिसलं नाही. दवाखान्यांतून अशाच पाट्या वाचत आलो होतो. आठवडाभराने मात्र तिच्यातले दोन शब्द बोचायला लागले. एक 'भेट' आणि दुसरा 'नातेवाईक'. आत काचेच्या पेटीत 1,140 ग्रॅम वजनाचा माझा मुलगा होता. मी त्याचा नातेवाईक होतो आणि दिवसातून दोनदा त्याला भेटून येत होतो.

याला आता तीन वर्षं झाली. मुलगा ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. यातून जाणारे आईबाप रात्री दोन वाजता फोनवर असंच काहीतरी शोधत, वाचत बसतात. मीही बसायचो. त्यांचा जीव शेवटच्या ओळीपर्यंत टांगणीला लावणं मला पटत नाही. सगळीच बाळं घरी येत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायची गरज नसते.

एकोणतिसावा आठवडा चालू होता. बायकोचं डोकं सकाळपासून ठणकत होतं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. तपासायला गेलो तर रक्तदाब भलताच वाढलेला, लघवीतून प्रथिनं चाललेली. प्रीएक्लॅम्प्सिया हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "बाळंतपण हाच यावरचा इलाज," डॉक्टर म्हणाल्या, "पण अजून दोन दिवस काढता आले तर बाळाचं फार भलं होईल." ते दोन दिवस हवे होते स्टेरॉइडच्या इंजेक्शनांसाठी. आईच्या दंडात दिलेलं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि त्याची फुफ्फुसं लवकर तयार होतात.

हे कळलं कसं, ते मी पुढे त्या रिकाम्या रात्रींत वाचून काढलं. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती सुरू कशी होते हे त्यांना शोधायचं होतं, फुफ्फुसं त्यांच्या मनातही नव्हती. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेली एक-दोन कोकरं जगायलाच नको होती, आणि ती श्वास घेत राहिली. त्यातून त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी गरोदर बायकांवर चाचणी केली आणि 1972 साली ती छापून आली. माझ्या मुलाचा पहिला श्वास त्या कोकरांकडून आलेला आहे असं मला वाटतं. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली होती.

दोन दिवस काही मिळाले नाहीत. तीस तास मिळाले. दोन्ही डोस मात्र झाले.

सिझेरियन झाल्यावर मला दारात बोलावलं. बाळाला एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं होतं, डोकं तेवढं बाहेर. मला वाटलं, संपलं सगळं. ट्रॉली ढकलणाऱ्या डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला असावा. न थांबताच म्हणाले, "गरम राहावा म्हणून आहे ते, घाबरू नका." इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी कागदापेक्षा पातळ असते, उघड्यावर ठेवलं तर मिनिटांत गार पडतं. पुसून कोरडं करत बसण्यापेक्षा ओलंच पिशवीत घातलं की ऊब टिकते. पण हे कुणी आधी सांगत नाही. आपल्या डोळ्यांसमोरून आपलं मूल पिशवीतून जातं.

त्याच रात्री त्याच्या श्वासनळीतून सरफॅक्टंट दिलं. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना कशा चिकटून बसतात, तशा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक कोशिका दर श्वासाला मिटतात आणि दर वेळी नव्याने उघडाव्या लागतात. त्यांना मिटू न देणारा पदार्थ म्हणजे हे सरफॅक्टंट. त्याची उणीव हेच या बाळांच्या मरणाचं कारण, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी 1959 साली दाखवून दिलं. तरी 1963 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा 39 तासांत गेला. वजन होतं 2 किलोच्या वर, माझ्या मुलाच्या जवळपास दुप्पट. कारण माहीत होतं, औषध नव्हतं. ते 1980 साली आलं, जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी दहा बाळांना देऊन पाहिलं तेव्हा. केनेडींच्या त्या मुलाचा विचार माझ्या मनात फार वेळा येतो. त्याच्या आईबापांकडे सगळं होतं आणि ही एक लहानशी बाटली नव्हती.

पुढचे तीन दिवस मी जिन्यात काढले. बायको तिसऱ्या मजल्यावर, मुलगा पाचव्या. तिचा रक्तदाब खाली येत नव्हता, तिला उठायची परवानगी नव्हती. खाली आलो की ती विचारायची, कसा दिसतो? वर गेलो की सिस्टर विचारायच्या, दूध आणलं का? दूध म्हणजे पहिल्या दिवशी सिरिंजच्या तोंडाशी चिकटलेले पिवळसर थेंब. तासभर दाबून, पिळून, घामाघूम होऊन तिने अर्धा मिलिलिटर काढलं होतं. सिरिंजवर तिचं नाव, तारीख, वेळ लिहिलेली चिकटपट्टी. ती मी दोन्ही हातांत धरून दोन मजले चढलो. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागला तर, अशी धास्ती. वर सिस्टरांनी ते थेंब कापसाच्या बोळ्यावर घेतले आणि बाळाच्या गालांच्या आतून फिरवले. त्याने जीभ हलवली. बस, एवढंच. मी खाली धावत जाऊन बायकोला सांगितलं, त्याने जीभ हलवली. दुसऱ्या दिवशी तिने सहा मिलिलिटर काढलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला चाकाच्या खुर्चीत बसायची परवानगी मिळाली. टाक्यांवर उशी दाबून धरत ती बसली, मी खुर्ची ढकलत वर आणली. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. दार बंद. आत एका नव्या बाळाची धावपळ चालू होती, आज भेट नाही, असं सांगण्यात आलं. अर्धा तास आम्ही दारात थांबलो. साडेपाच वाजले आणि वेळ संपली. ती काही बोलली नाही. लिफ्टमध्ये मात्र म्हणाली, "मला बाळ झालंय हे मला खरं वाटत नाही."

त्या संध्याकाळी कुणाचं काही चुकलं नव्हतं. आत दुसऱ्या कुणाचं तरी मूल वाचवत होते आणि ते वाचायलाच हवं होतं. पण आईला पहिल्यांदा मूल दाखवण्याची गोष्ट ज्या नियमात अर्ध्या तासाच्या खिडकीत बसवलेली असते, तो नियम चुकतो. हे मी तेव्हाही म्हणालो असतो, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. ज्यांच्या हाती आपलं मूल आहे त्यांच्याशी वाद कसा घालणार?

चौथ्या दिवशी सकाळी तिने त्याला पाहिलं. पेटीवर 'बेबी ऑफ' लिहून पुढे तिचंच नाव होतं. नाकावर सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन फुफ्फुसं उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क, डोक्यावर त्याला धरून ठेवणारी टोपी, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, पायाच्या पंजाला गुंडाळलेला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, लाल दिवा. चेहरा असा दिसतच नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग सिस्टरना तिने विचारलं, "हात लावला तर चालेल का?"

सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्यांनी पेटीची गोल खिडकी उघडली. "लावा ना, ताई. पण कुरवाळायचं नाही हं. कातडी नाजूक असते, त्याला सोसत नाही. एक तळवा डोक्यावर, एक पायांवर. ठेवायचा आणि हलवायचा नाही." आम्हा दोघांना ते जमायला दिवस लागले. प्रेमाने हात आपोआप फिरायला लागतो. तो फिरू द्यायचा नाही. पोटात त्याला चारी बाजूंनी भिंत होती, पाय ताणला की कुठेतरी टेकायचा. इथे पाय ताणला की नुसती हवा, मग तो दचकायचा, हात-पाय फेकायचा, मॉनिटर वाजायचा. तळवा पायांशी नेला की त्याची बोटभर पावलं शोधत यायची, टेकायची आणि जोर लावायची. 1,140 ग्रॅमचा जोर. चार दिवसांत वजन उतरून 1,020 वर आलं होतं, म्हणजे तेवढाही नव्हता. पण लागायचा हाताला.

अलार्मचं काय सांगू! पहिल्यांदा तो माझ्यासमोर श्वास घ्यायचा विसरला तेव्हा मी किंचाळलो होतो. हो, विसरतात ही बाळं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, वीस सेकंद, कधी जास्तही थांबतात, नाडी मंदावते, रंग राखाडी होतो. सिस्टर आल्या, तळपायाला बोटाने टिचकी मारली, तो पुन्हा चालू झाला. यावर औषध म्हणून कॅफीन देतात, कॉफीतलं तेच कॅफीन, हे ऐकून मला आधी विश्वासच बसला नाही. आठवड्याभरात अलार्मचे सूर ओळखता यायला लागले. कोणता वाजला की सिस्टर नुसती मान वळवून बघतात आणि कोणता वाजला की धावतात. पण घरी रात्री झोपेत मला सगळेच ऐकू यायचे.

त्या रात्रींमध्ये मला एक प्रश्न सतत पडायचा. हे काचेचं दार मुळात आलं कुठून?

पॅरिसच्या स्टेफान तार्निए यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला, कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहून, बाळांसाठी उबदार पेट्या करवून घेतल्या आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या लक्षात आलं की आईपासून दूर ठेवलेल्या बाळांकडे काही आया पुढे वळूनही बघत नाहीत. आईला जवळ येऊ द्या, तिचं दूध चालू ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे पेटी आणि पेटीतला धोका, दोन्ही एकामागोमाग कळलं होतं. पण पेटी तेवढी जगभर गेली. अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत 1903 पासून 1943 पर्यंत मार्टिन कौनी नावाच्या गृहस्थांनी अशा पेट्यांतली जिवंत बाळं प्रदर्शनात मांडली. लोक तिकीट काढून बघायला यायचे. त्या पैशांतून बाळांची शुश्रूषा व्हायची, आईबापांकडून कौनी काही घेत नसत, आणि हजारो बाळं त्यांनी वाचवली. दवाखाने या बाळांना घ्यायलाही तयार नव्हते तो काळ. कौनींना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. तरी त्या काचेसमोर तिकीटवाल्यांच्या रांगेत एखादी आई उभी असेल, तर तिला कसं वाटत असेल, हे मला नेमकं कळतं.

पुढे जंतुसंसर्गाच्या धाकाने दारं आणखी घट्ट झाली. तो धाक खोटा नाही. माझ्या मुलाच्या अंगात उणंपुरं 100 मिलिलिटर रक्त होतं, त्यात शिरलेल्या जंतूशी तो काय लढणार? घड्याळ-अंगठी काढून कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुण्याचा मी कधी कंटाळा केला नाही. पण एका गोष्टीने मी चकित झालो. आईबापांना आत घेतलं गेलं ते कुणाला त्यांची कणव आली म्हणून नव्हे, काहीतरी कमी पडलं म्हणून. कोलंबियात, बोगोटाच्या प्रसूतिगृहात पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत आणि संसर्गाने जात. 1978 मध्ये एडगर रेय सनाब्रिया यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. कांगारू पद्धत ती हीच. त्यानंतर वर्षभराने एस्टोनियात, तालिनमध्ये अडिक लेविन यांच्या विभागात नर्सेस कमी पडल्या, तर त्यांनी आयांनाच चोवीस तास बाळांपाशी राहायला आणलं. दोन्हीकडे बाळं सुधारली. पेट्या आणि नर्सेस पुरेशा असत्या, तर कदाचित आम्ही सगळे अजून पूर्ण वेळ दाराबाहेरच असतो.

आमच्या मुलाच्या जन्माच्या आधीच एक मोठा अभ्यास येऊन गेला होता. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत, 1 ते 1.8 किलोची 3,211 बाळं. निम्म्यांना जन्मापासूनच छातीवर ठेवलं, त्यासाठी आईची खाट एनआयसीयूच्या आत नेली. उरलेल्यांना तोवरच्या रिवाजाप्रमाणे आधी स्थिर होऊ दिलं. आईच्या जवळच्या गटात 28 दिवसांत 12 टक्के बाळं दगावली, दूरच्या गटात 15.7 टक्के. फरक इतका उघड होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला, दुसऱ्या गटातल्या बाळांना दूर ठेवणंच अन्यायाचं झालं असतं. हे 2021 साली छापून आलं आणि 2022 च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या. छातीवर ठेवा, लगेच ठेवा, दिवसाचे 8 ते 24 तास ठेवा. आमच्या दारावरची पाटी तीच होती, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास.

म्हणून 'भेट' हा शब्द बोचतो. भेटायला येणाऱ्याचं काम फक्त बघून जाण्याचं असतं. त्या अभ्यासात आई दिसते ती औषध म्हणून, आणि औषधाला कुणी भेटीची वेळ देत नाही.

एकोणिसाव्या दिवशी त्या वडीलधाऱ्या सिस्टरांची रात्रपाळी होती. मी दारात दुधाच्या बाटल्या द्यायला आलो होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाळाचे बाबा, शर्टाला पुढून बटणं आहेत ना? या आत." मुलगा अजून सीपॅपवर होता. नळ्या सांभाळत दोघी सिस्टरांनी त्याला उचललं, माझ्या छातीवर बेडकासारखा पालथा ठेवला, मान एका बाजूला, वरून कापड बांधलं. मला वाटलं होतं हलकं लागेल. हलकं नाही लागलं. गरम लागलं. मी श्वास रोखून बसलो होतो. सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुम्ही श्वास घ्या. तुमचा ऐकून तो घेतो."

मॉनिटर माझ्या डाव्या हाताला होता. सॅच्युरेशन 88 वरून 91, 93 झालं, 94 वर थांबलं. नाडी 170 च्या घरातून हळूहळू 150 वर उतरली. सव्वा तासात एकही अलार्म वाजला नाही. माझ्या छातीवर त्याची लाळ ओघळली आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बायकोला हे सांगितलं, आणि सांगताना मलाच लाज वाटली, कारण हे आधी तिचं होतं.

तिने थेट मुख्य डॉक्टरांकडे जाऊन मागणी केली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मी काहीही करेन, कितीही हात धुवेन, कोपऱ्यात स्टूलवर बसेन. मला जायला सांगू नका." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, दुपारी दोन तास. आठवड्याभराने दोनाचे पाच झाले. त्या पाच तासांनी काय केलं ते मी मोजलेलं आहे, दुधाच्या बाटल्यांवरच्या खुणा बघून. छातीशी बाळ घेऊन बसल्यानंतरच्या वेळचं दूध इतर वेळेपेक्षा हमखास जास्त निघायचं. इतर आयाही मग विचारायला लागल्या. शेवटच्या आठवड्यात त्या खोलीत एकदम चार स्टुलं होती.

बाकीचे दिवस एका सुरात गेले, ते फार सांगण्यासारखे नाहीत. सीपॅप निघालं. डोळ्यांची तपासणी झाली, कारण जास्तीचा ऑक्सिजन कोवळ्या पडद्याला इजा करतो. ती आम्ही बाहेर बसून ऐकली आणि निम्मे मेलो. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ त्याला जमायला लागला. वजनाचा आकडा रोज रात्री सिस्टर फलकावर लिहायच्या, वीस ग्रॅम वाढलं तर आम्हाला झोप लागायची. 52 व्या दिवशी, 1,910 ग्रॅमवर, डिस्चार्ज.

निघताना सिस्टरनी त्याला दुपट्यात गुंडाळून समोर धरलं. बायकोने हात पुढे केले आणि मध्येच थांबली. "घेऊ?" तिने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "अहो ताई, तुमचाच आहे."

ही सवय मोडायला तिला घरी आल्यावरही कितीतरी आठवडे लागले. रात्री तो रडला की ती उठायची, जवळ जायची आणि हात लावण्याआधी क्षणभर माझ्याकडे बघायची. मी कोण परवानगी देणारा? पण मीही मान हलवायचो.

आता तो तीन वर्षांचा आहे. टाचा बघितल्या तर सुयांचे बारीक पांढरे ठिपके अजून दिसतात. झोपतो आमच्या मध्ये, आडवा. झोप गाढ लागायच्या आधी त्याची पावलं चाचपडायला लागतात, कधी माझ्या बरगड्या, कधी आईची पाठ. सापडलं की टेकवतो आणि जोर लावतो. मी तळवा नेऊन ठेवतो. हलवत नाही.